पिस्तुलाचं प्रायश्चित्त

हसा, हसा! अख्खी बुधवार पेठ हसते, मग तुम्हीच का मागे राहावं? मला ‘दारोगासाहेब’ म्हणून हाक मारताना लोकांच्या मिशा का थरथरतात, हे आज मीच सांगून टाकतो. तुम्ही दुसऱ्याकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावेल. मी सांगितलं की निदान तिखटमीठ घरचं असेल!

पान घ्या. सुपारी कातरून ठेवली आहे. फक्त ऐकताना विडा तोंडात धरून बसू नका. मागे एकाला ऐकता ऐकता ठसका लागला आणि माझं पांढरं उपरणं अजून लाल आहे.

तर झालं असं. आमच्या सरकारांच्या शिलेखान्याचा, म्हणजे हत्यारांच्या कोठीचा, म्हातारा दारोगा काशीला निघून गेला. जागा रिकामी झाली. आता मी पडलो कारकून. तलवारी किती आणि भाले किती हे मला ठाऊक. तलवार कोणत्या बाजूनं कापते हे विचारायला मात्र आजवर कुणी आलं नव्हतं. पण दारोगा म्हटलं की मान! डोक्याला मंदील, दारात पहारा, लग्नामुंजीत पहिल्या पंक्तीचा पाट. मी सरकारांच्या मागे लागलो, लागलो, इतका लागलो की ते वैतागून म्हणाले, “पंत, दसरा नीट पार पाडा. शिलेखाना तुमचा.”

बस्स! संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या कुटुंबानं हौदावर पोचवली. हौदावर पोचली म्हणजे शनिवारवाड्याच्या दिंडीपर्यंत गेलीच म्हणून समजा. आता जागा मिळाली नसती तर पेठेत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

आणि नेमके त्याच वेळी सरकार कोकणातून एक वस्तू घेऊन आले.

त्यांचे मेहुणे तिकडे आरमारात. त्यांनी गोऱ्या टोपीकरांचं एक लढाऊ जहाज धरलं होतं, त्यातली ही लूट. सरकारांनी रुमाल सोडून ती माझ्या हातात दिली. हातभर लांब, एवढी जड की मनगट खाली आलं. पुढे लोखंडी नळी, मागे लाकडाची वाकडी मूठ, मुठीच्या टोकाला पितळेची जाडजूड टोपी. एका बाजूला लांब लोखंडी पट्टी, कमरेला अडकवायची. आणि दुसऱ्या बाजूला लोखंडाची काहीतरी भानगड!

“पिस्तूल आहे,” सरकार म्हणाले. “खास समुद्रावरच्या लढाईसाठी केलेलं. याला तोडा लागत नाही, बत्ती लागत नाही. ठाऊक आहे ना?”

तुम्हीच सांगा, त्या वेळी पुण्यात कुणाला ठाऊक होतं? आपल्याकडच्या बंदुका सगळ्या तोड्याच्या. तोडा म्हणजे सुताची जळती वात, ती दारूला लावायची, कान झाकायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. पण होऊ घातलेल्या दारोग्यानं ‘ठाऊक नाही’ म्हणायचं?

“म्हणजे काय सरकार! वसईला असताना रोज बघत होतो.”

वसईला मी गेलो होतो, हे खरं. मावसभावाच्या मुंजीला!

“उत्तम. खंडेनवमीला बाकी हत्यारांबरोबर याचीही पूजा करा. दसऱ्याला सीमोल्लंघनात मी स्वतः हे उडवणार. नगरचे पाहुणे येताहेत. ताईसाहेबांचं स्थळ अजून पक्कं झालेलं नाही. मुलाचे वडील मोठे चिकित्सक आहेत, त्यांना दिपवून टाकायचंय.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “पंत, यात गडबड झाली तर दारोगागिरी सोडा, कारकुनीही विसरा.”

झालं! सरकारांच्या मुलीचं लग्न आणि माझी भाकरी, दोन्ही त्या वाकड्या लोखंडाला टांगलेली!

ते घेऊन मी शिलेखान्यात आलो. तिथे येसजी जमादार. मूळचा मांजरी गावचा, अंगानं पहाड. त्यानं पिस्तूल उलटंसुलटं केलं, नळीत फुंकर मारली, वास घेतला.

“पंत, ह्ये मोडल्यालं हाय.”

“कशावरून?”

“आवो, तोडा अडकवायला जागाच न्हाई! ह्यो घोडा बगा, तोंडात काय धरलंय? दगूड! घोड्याच्या तोंडात तोडा पायजे, दगूड कशाला?”

घोडा म्हणजे खटका दाबला की पुढे आपटतो तो तुकडा. त्याच्या जबड्यात खरंच एक काळपट खडा अडकला होता. मी जाणत्यासारखी मान हलवली आणि “असतं असं टोपीकरांचं” म्हणून वेळ मारून नेली.

दुपारी घरी आणून कुटुंबाला दाखवलं. तिनं नळीकडे पाहिलंच नाही. पितळेची टोपी हातात तोलून म्हणाली, “नारळ फोडायला बरं आहे. पट्टीसुद्धा दिलीय खुंटीला अडकवायला. तुमच्या लोकांना नाही सुचलं हो असं काही.”

अहो, काय सांगू, खरी गंमत अशी की दारू एकदा उडवून झाली की खलाशी लोक ते उलटं धरून डोकीच फोडतात म्हणे! म्हणजे माझं कुटुंब सगळ्यांत जवळ पोचलं होतं. पण हे मला फार पुढे कळलं.

खंडेनवमी उजाडली. मी सोवळं नेसून बसलो. तलवारी म्यानातून काढलेल्या, ढाली कातड्याच्या म्हणून दूर, त्यांना लांबूनच अक्षता. सगळं यथासांग. एवढ्यात आतून सरकारांच्या मातोश्रींचा निरोप आला: ते टोपीकरांचं हत्यार समुद्र ओलांडून आलेलं आहे. प्रायश्चित्त झाल्याशिवाय ते देवांसमोर ठेवायचं नाही!

मी उपाध्यांकडे बघितलं. उपाध्यांनी पिस्तुलाकडे बघितलं. पिस्तुलानं कुणाकडेच बघितलं नाही.

“शास्त्र काय म्हणतं?” मी विचारलं.

“समुद्रोल्लंघनाला पंचगव्यप्राशन,” उपाध्ये म्हणाले. “म्हणजे माणसाला. हत्याराचं मला विचारू नका.”

“पण मातोश्रींनी सांगितलंय!”

“मग प्राशन करवा. तोंड आहे ना त्याला?”

होतं की! नळीचं भोक म्हणजे तोंडच! बघा बरं, ज्या हत्याराचा जन्मच समुद्रावर लढण्यासाठी झाला, त्याला समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त! म्हणजे माशाला ओला झालास म्हणून पंचा द्यावा तसं. पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात यायला डोकी ठिकाणावर होती कुठे?

मी पिस्तूल जवळ घेतलं आणि एकदम किंचाळलो. त्या घोड्याच्या जबड्यात खड्याभोवती काय गुंडाळलं होतं? कातडं! अहो, कातडं! कुठल्या जनावराचं कोण जाणे, आणि मी सोवळ्यात! मी चिमटा मागवला, जबड्याचा मळसूत्री खिळा फिरवून सैल केला आणि कातडं काढलं. त्याबरोबर खडाही निघाला. दोन्ही चिमट्यात धरून नेलं आणि मागच्या भिंतीवरून ओढ्यात भिरकावलं. पुन्हा आंघोळ केली. फार बरं वाटलं! अमंगळही गेलं आणि येसजीला खुपणारा दगडही गेला.

मग दुसरी अडचण. पिस्तुलाच्या अंगावर एक खूण कोरलेली होती. नळी खाली धरली की ती कसल्याशा आकड्यासारखी दिसे. नळी वर केली की, अहो आश्चर्य, अस्सा त्रिशूळ! मला वाटलं, टोपीकर असले तरी शंकराला मानतात. ते जहाजाचे नांगर टाकतात ना, त्या नांगराची खूण होती ती, पण पुण्यात नांगर म्हणजे शेतातला. जहाजाचा नांगर मी कुठे बघितलेला? त्रिशूळ उभा राहिला पाहिजे म्हणून मी पिस्तूल तोंड वर करून तांदळाच्या राशीत रोवलं. तोंड आयतंच आभाळाकडे.

आणि मंत्र म्हणत पळीपळीनं पंचगव्य पाजलं. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. शेण जरा सढळ हातानं घातलं, मातोश्री पडद्याआडून बघत होत्या.

थोड्या वेळानं बघतो तर नळीच्या बुडाला, एका बारीक भोकातून पंचगव्य गळतंय! हत्यार फुटकं निघालं! सरकारांना टोपीकरांनी फसवलं! पण मी काय कच्चा? मेण आणलं, भोक घट्ट बुजवलं, वरून अंगठा दाबून गुळगुळीत केलं. मनात म्हटलं, याला म्हणतात दारोगा. वस्तू हातात आली आणि दुरुस्त झाली!

दसऱ्याला नगरचे पाहुणे आले. मुलाचे वडील म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ. घोडा बघितला, म्हणाले “बरा आहे.” हवेली बघितली, “बरी आहे.” आणि त्यांना गुडगुडीचं भारी वेड. तोंडातून नळी निघाली की लगेच, “विस्तव आणा. विझला. या पुण्यात विस्तव टिकत कसा नाही?”

मंडळी जेवायला बसली. मी वाढपावर देखरेख करतोय. सरकार पाहुण्यांना रंगात येऊन सांगताहेत.

“संध्याकाळी बघाच. तोडा नाही, बत्ती नाही. त्याच्या घोड्याच्या तोंडात चकमकीची गार असते. ती पोलादावर आपटली की ठिणगी पडते, आणि धडाम! ती गार म्हणजे त्याचा प्राण. ती नसेल तर नुसतं लोखंड.”

माझ्या हातातलं श्रीखंडाचं भांडं तिथेच थांबलं. प्राण! मी पिस्तुलाचा प्राण ओढ्यात फेकला होता, आणि वर आंघोळ केली होती!

“पंत, वाढा की,” सरकार म्हणाले. मी वाढलं. एकाच पानात वाढत राहिलो. पाहुणे म्हणाले, “हात आवरा, मला एवढं श्रीखंड लागत नाही.”

मी पूजेतलं पिस्तूल उपरण्याखाली लपवलं आणि घराकडे पळालो. ओढ्यात उतरण्यात अर्थ नव्हता. तिथे सगळे दगडच! पण घरी चूल पेटवायची चकमक होती, तिच्यात गारगोटी होती.

“अहो, तिला हात लावू नका,” कुटुंब म्हणालं. “संध्याकाळी चूल कशावर पेटवू? तुमच्या डोळ्यांतल्या काजव्यांवर?”

“नोकरीचा प्रश्न आहे!”

“दारोगा झालात ना? दारोग्याची चूल आपोआप पेटत असेल.”

मी गारगोटी उचलली आणि घोड्याच्या जबड्यात बसवली. बसेना! लटपट करी, घसरे. काहीतरी गुंडाळायला हवं होतं. समोर तबकात संध्याकाळच्या दिव्यांसाठी तुपात भिजवलेल्या फुलवाती होत्या. मऊ, चिकट, शिवाय सोवळ्यातल्या. दोनचार गारेभोवती कोंबल्या, जबडा आवळला. गार अशी बसली म्हणता! मी देवाला नमस्कार केला. देवानं तेव्हा तोंड फिरवलं असणार.

सीमोल्लंघनाला गाव लोटलेलं. शमीची पूजा झाली, आपट्याची पानं लुटून झाली. वारा भणाणत होता आणि पाहुण्यांची गुडगुडी पुन्हा विझली होती. येसजी पिस्तुलात दारू भरत होता.

“पंत, नळी लईच आखूड हाय हो. दारू वरच ऱ्हातीया.”

“टोपीकरांची असते आखूड,” मी म्हटलं. शेणाचं मला आठवलंच नाही. खरंच सांगतो, आठवलंच नाही!

सरकारांनी पिस्तूल हातात घेतलं. काठीवर नारळ लावला होता. सगळं गाव टाचा उंचावून. सरकार मोठ्यानं पाहुण्यांना सांगू लागले, “बघा, ठिणगी या बाहेरच्या दारूवर पडते, आणि या बारीक भोकातून आग आत जाते.”

बारीक भोक!

अरे देवा! ते भोक गळतं म्हणून मी बुजवलं होतं! आणि मग सगळंच आठवलं. शेणसुद्धा. ओरडून सांगू? काय सांगू? ‘सरकार, थांबा, मी त्याला शेण पाजलंय’? गावासमोर?

सरकारांनी नेम धरला. चाप ओढला.

खट्. भस्स!

धूर झाला, ठिणग्या उडाल्या, आणि धडाम झालंच नाही. नारळ तसाच. धूर विरला तेव्हा घोड्याच्या तोंडात फुलवाती पेटल्या होत्या. तुपातल्या त्या! अशा शांत, सुरेख, निरांजनासारख्या तेवत होत्या, आणि वाऱ्यातही विझत नव्हत्या. सरकार हातात आरती धरल्यासारखे उभे!

सरकारांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

एवढ्यात काय व्हावं? नगरचे पाहुणे पुढे सरसावले. गुडगुडीची चिलीम त्या ज्योतीवर धरली आणि झुरका मारला. गुड गुड गुड गुड!

“वाहवा!” पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. “वाऱ्यात विझत नाही! लेकाचे टोपीकर हुशार हो! जहाजावर वारा किती, तिथे तंबाखू पेटवायला असंच काहीतरी लागणार. दुपारी मला वाटलं, तुम्ही बंदुकीचं सांगताय!”

“आवो पाव्हणं, त्यात दारू भरल्याली...” येसजीनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

सरकारांनी चटकन पाहुण्यांकडे तोंड फिरवलं. “छे छे, बंदूक कसली? तंबाखूसाठीच... हेच तर दाखवायचं होतं.”

सगळे हुश्श झाले. मी सोडून! कारण मला दिसत होतं की नळीचं तोंड थेट पाहुण्यांच्या पोटावर आहे, वरून जळतं तूप थेंबथेंब खाली पडतंय, आणि मी लावलेलं मेण वितळायला लागलंय. आत दारू, मध्ये शेण, बाहेर आग, समोर व्याही! उडेल की नाही? मला काय ठाऊक? आयुष्यात पहिल्यांदा मी हात जोडून म्हटलं, “देवा, मी केलेलं काम पक्कं बिघडलेलं असू दे.”

पाहुणे सावकाश झुरके घेत होते. किती सावकाश! शेवटी मन भरलं, त्यांनी फुंकर मारून वाती विझवल्या आणि म्हणाले, “व्याही, सुपारी फोडायला हरकत नाही. ज्या घरात विस्तवाची एवढी सोय, तिथे आमचं येणंजाणं राहील.”

रात्री सरकारांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. कातडं, त्रिशूळ, पंचगव्य, मेण, फुलवाती, अगदी वसईची मुंजसुद्धा. सरकार बोटं मोजू लागले.

“म्हणजे पंत, तुम्ही नळी साफ ठेवली असती, तर?”

“व्याही गेले असते, सरकार.”

“भोक बुजवलं नसतं, तर?”

“तरीही कदाचित गेले असते, सरकार.”

“आणि वाती घातल्या नसत्या, तर लग्न मोडलं असतं.” त्यांनी कपाळाला हात लावला. “तुम्हाला हाकलू की पालखी देऊ, हेच मला समजेना झालंय.”

मग त्यांनी निवाडा केला. शिलेखाना येसजीकडे. पिस्तूल माझ्याकडे. नगरचे व्याही जेव्हा जेव्हा येतील, तेव्हा सोवळ्यात, फुलवाती घालून, मीच त्यांची गुडगुडी पेटवायची. “दारोगाच व्हायचं होतं ना? झालात. विस्तवाचे दारोगा!”

लग्न झालं. व्याही येतात. अहो, दर सणाला येतात! मी कमरेला पट्टीनं ते अडकवून उभा. पुण्यात मला मान आहे, नाही असं नाही. विस्तव विझला की आधी माझी आठवण होते.

घरची गारगोटी गेली ती गेलीच. त्यामुळे रोज सकाळी कुटुंब स्वयंपाकघरातून हाक मारतं, “अहो दारोगासाहेब, चूल थंड आहे. हत्यार काढा.” मी काढतो. टोपीकरांच्या समुद्रावरचं ते हत्यार आमचं पिठलं शिजवतं आणि मी मागे फुंकणी घेऊन बसतो.

का हो, तुमची चिलीम विझली वाटतं? द्या इकडे, आत्ता पेटवतो. फक्त एवढं करा, नळीसमोरून जरा बाजूला सरका. शेण वाळून, भुगा होऊन त्या बारीक भोकातून कधीच गळून पडलं. पण येसजीनं भरलेली दारू कुणी काढली का, हे विचारायचं आमच्यात सगळ्यांचंच राहून गेलंय.